कात्रीची अनुसूची

औषधाच्या पट्टीमागे जेवढा मजकूर मावतो, तेवढा आपल्याकडे लग्नपत्रिकेतसुद्धा मावत नाही. मूळ औषधाचं नाव, ब्रँडचं नाव, किती मिलिग्रॅम, कारखान्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधी केलं, कधी बाद होणार, सगळे कर धरून किंमत. शिवाय कुठे ठेवावं, कुणी विकावं आणि कुणी घेऊ नये. १९४० चा कायदा, १९४५ चे नियम आणि त्यानंतरच्या तमाम दुरुस्त्या त्या वीतभर चांदीवर दाटीवाटीने उभ्या असतात.

मग मेडिकलवाला कात्री काढतो.

“दोन द्या.” कच्. झालं. आपल्या हातात दोन गोळ्या येतात आणि त्यांच्यामागे ब्रँडच्या नावातली मधली तीन अक्षरं, ‘प्रायव्हेट लिमिटेड’मधलं ‘व्हेट लिमि’ आणि एका इशाऱ्याचं शेपूट. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, या अर्थाचं ते इंग्रजी वाक्य. त्यातला नकार नेमका आधीच्या गिऱ्हाइकाच्या पुडीतून गेलेला असतो. आपल्याकडे उरते ती परवानगी.

पण माझं दुखणं इशाऱ्याचं नाही, तारखेचं आहे. बहुतेक पट्ट्यांवर ती एका टोकाला, एकदाच ठोकलेली असते. मेडिकलवाला कापायला सुरुवात करतो ती दुसऱ्या टोकाकडून, आणि हे तो अतिशय प्रामाणिकपणे करतो, कारण तारीख दुकानात शिल्लक राहिली पाहिजे, असं त्याला शिकवलेलं असतं. म्हणजे दहा गोळ्यांच्या पट्टीत दोन-दोन गोळ्या घेणारी पाच गिऱ्हाइकं धरली, तर पहिली चार बिनतारखेची घरी जातात. पाचव्याला तारीख मिळते. तीही त्याने मागितलेली नसते, नशिबाने मिळते. बाकीच्या चौघांपैकी एखाद्या चिकित्सकाने विचारलंच, “एक्सपायरी काय हो?”, तर उत्तर ठरलेलं: “फिरता माल आहे काका, पडून राहतच नाही.” दुकानात नाही राहत, मान्य. आमच्या घरी राहतो! प्रत्येक मराठी घरात श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो आणि त्यात या अनाथ गोळ्या पिढीजात नांदत असतात. त्यांची ओळख रंगावरून पटवायची. पिवळी लांबुडकी तापाची. गुलाबी पित्ताची. पांढरी, चपटी, मधे मोडायची रेघ असलेली एकतर बाबांच्या बीपीची नाहीतर आईच्या थायरॉइडची. ज्याला लागेल त्याने घ्यावी आणि फरक पडला की बाकीच्यांना कळवावं.

कायदा मात्र स्वस्थ बसलेला नाही. अनुसूची ‘एच’ला चिठ्ठी हवी. तेवढ्याने भागेना म्हणून २०१४ पासून ‘एच-१’ आली: ४६ औषधं, लाल चौकट, वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, संख्या, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. ‘एक्स’मधल्या औषधांना चिठ्ठीच्या दोन प्रती, त्यातली एक दुकानात दोन वर्षं, माल कुलपात. २०१८ मध्ये तर नियमाने अक्षरांची उंची मोजली: एकाच घटकाची गोळी असेल, तर मूळ औषधाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन मापं मोठं हवं. २०२३ च्या ऑगस्टपासून तीनशे ब्रँडना क्यूआर कोड किंवा बारकोड लागला, म्हणजे फोन धरला की बॅच, तारीख, परवाना सगळं हजर. पट्टीवर जागा नसेल तर कोड खोक्यावर चालतो. खोकं अर्थातच दुकानात राहतं आणि तिथून रद्दीत जातं. थोडक्यात, भंगारवाल्याला आपल्या औषधाची संपूर्ण माहिती उपलब्ध आहे.

एवढ्या अनुसूच्यांत कात्रीला जागा मिळू नये, हा त्या अवजारावर अन्याय आहे. म्हणून एक नम्र सूचना: अनुसूची ‘क’ आणा. प्रत्येक कात्रीला नंबर द्या, पात्यावर परवाना कोरा, पात्याची बॅच वेगळी, मुठीची वेगळी. वापरात नसताना ती कुलपात ठेवावी. प्रत्येक कापणीची नोंद रजिस्टरात: कापणाऱ्याचं नाव, कापून घेणाऱ्याचं नाव, कापल्या गेलेल्या अक्षरांची संख्या, त्यात स्वर किती, व्यंजनं किती, आणि नोंदीच्या दोन प्रती, त्यातली एक कापून गिऱ्हाइकाला द्यावी. कापणी नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावी. आता फार्मासिस्ट कुठे असतात असं विचारू नका, ते असतातच. काउंटरच्या वर, देवाच्या शेजारी, काचेच्या फ्रेममध्ये, पासपोर्ट साइज फोटोसह. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, असं नियमच सांगतो, आणि आमच्याकडच्या कित्येक दुकानांत फोटोची नजर एकदाही हलत नाही. याहून प्रत्यक्ष देखरेख ती कोणती? खाली दहावीचा निकाल पाहून कामाला लागलेला पोऱ्या कात्री चालवतो, वर प्रमाणपत्र देखरेख करतं, आणि त्या प्रमाणपत्राला भाडं मिळतं ते पोऱ्याच्या पगाराहून जास्त असतं की कमी, एवढाच काय तो औषधशास्त्रातला अनुत्तरित प्रश्न.

यावर शहाणी माणसं म्हणतात, “मग अख्खी पट्टी घ्या ना!” इथे माझं डोकं फिरतं. अख्खी पट्टी कोण घेतं हो? ज्याच्या खिशात पुढच्या दहा दिवसांचे पैसे आज आहेत, तो. संध्याकाळी हजेरी सुटल्यावर मेडिकलच्या काउंटरवर मळकी नोट ठेवून “आजच्यापुरत्या द्या” म्हणणारा माणूस हौसेने दोन गोळ्या घेत नाही. त्याला परवडतं तेवढं तो घेतो, उद्या मजुरी मिळाली तर उद्या पुन्हा येतो, नाही मिळाली तर अँटिबायोटिकचा कोर्स तिथेच थांबतो. दोन गोळ्या मागणं हा त्याचा हक्क आहे, आणि त्या सुट्या करून दिल्याच पाहिजेत. पण त्यांच्याबरोबर तारीख का मिळू नये? दर महिन्याला प्रयोगशाळेत नापास झालेल्या औषधांची यादी बॅच नंबरासकट जाहीर होते. पट्टीवाला ती फोनवर ताडून पाहू शकतो. दोन गोळ्यांवाल्याने काय ताडायचं, ‘व्हेट लिमि’? जुनी, कुजलेली टेट्रासायक्लिन मूत्रपिंडाला इजा करते, हे साठ वर्षांपूर्वीच वैद्यकाला कळलं आहे. पण गोळी जुनी आहे हे खाणाऱ्याला कळायची सोय आजही पट्टीच्या एकाच टोकाला आहे. कायद्याचं संरक्षण या देशात दहाच्या पटीत विकलं जातं. ज्याला सुटं हवं, त्याने नुसती गोळी न्यावी आणि कायदा दुकानातच सोडावा.

कात्रीवर बंदी नको, रजिस्टर नको, अनुसूची ‘क’ही नको, ती मेहेरबानी मी मागे घेतो. दहा गोळ्यांच्या मागे दहा वेळा तारीख आणि बॅच नंबर छापा, एवढंच. काही कंपन्या छापतात, त्यांचं दिवाळं निघालेलं नाही. आणि बाकीच्यांना शाई पुरत नसेल, तर ब्रँडचं नाव आणखी दोन मापं लहान करा.