वार सातच असतात

जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात चौतीस वर्षं काढलेल्या माणसासमोर कोणी "आरबीआय १३९" असं ओरडलं, तर त्याच्या डोळ्यांपुढे परिपत्रकच येणार. माझ्याही आलं. जावई टीव्हीपुढे उभे राहून ओरडत होते, "बाबा, आरबीआय १३९! आहात कुठे!" मी चष्मा सावरत विचारलं, "व्याजदर वाढवले की काय?"

रिझर्व्ह बँकेचा काही संबंध नव्हता. बेसबॉलमध्ये एखाद्याच्या फटक्यावर संघाच्या किती धावा घरी आल्या, त्या हिशेबाला आरबीआय म्हणतात. हे मला २०१२ च्या ऑक्टोबरात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. आम्ही दोघं तेव्हा सहा महिन्यांसाठी लेकीकडे, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला गेलो होतो. विमानात मी ठरवलं होतं, की तिकडच्या कुठल्याही वादात पडायचं नाही. पण अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर' कोण, हा वाद तिकडचा राहिलाच नाही. तो आमच्या डायनिंग टेबलावर येऊन बसला आणि दिवाळीपर्यंत उठला नाही.

एका बाजूला डेट्रॉइट टायगर्सचा मिगेल काब्रेरा. व्हेनेझुएलाचा, अंगाने भरभक्कम. फलंदाजीची सरासरी .३३०, होमरन ४४ आणि ते आरबीआय १३९. तिन्हींत लीगमध्ये पहिला. याला तिहेरी मुकुट म्हणतात आणि तो त्याआधी १९६७ साली बॉस्टनच्या कार्ल यास्ट्रेम्स्कीने मिळवला होता. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी हा योग. (.३३० म्हणजे दहातल्या सात वेळा जवळपास हात हलवत परत येणं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आमच्याकडे एवढ्या वेळा परत येणाऱ्याला पाणी द्यायला ठेवतात.)

दुसऱ्या बाजूला लॉस एंजेलिस एंजल्सचा माइक ट्राउट. पोरसवदा, त्या ऑगस्टातच एकवीस पूर्ण झालेला. एप्रिलच्या अखेरीला संघात आला आणि धावतच सुटला. सरासरी .३२६, होमरन ३०, धावा १२९ आणि चोरलेले बेस ४९. चोऱ्यांची नोंद इतक्या अभिमानाने ठेवणारं खातं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. आमच्याकडेही चोऱ्या व्हायच्या, पण नोंद लेखापरीक्षणात निघायची.

जावई मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. बारा वर्षं डेट्रॉइटचं पाणी प्यालेले आणि डोक्यावर वळणदार 'डी'ची टोपी, ती जेवतानाही काढत नाहीत. ते काब्रेराचे. लेक विम्याच्या आकडेमोडीत, ती ट्राउटची. सासऱ्याने जावयाच्या विरुद्ध मत देऊ नये, हा आपल्याकडचा दंडक. लेकीच्या विरुद्ध दिलं तर सकाळचा चहा आपला आपण करून घ्यावा लागतो, हा तिकडचा. मी दोन्ही बाजूंना मान हलवायची पद्धत काढली. सभेत बसून बसून ती अंगात मुरलेली होतीच.

"बाबा, हे आरबीआय वगैरे आजोबांच्या जमान्यातलं झालं," लेक म्हणाली. "पुढचे लोक बेसवर पोचले नसते, तर काब्रेराने कोणाला घरी आणलं असतं? आता वॉर बघतात. ट्राउटचा वॉर दहाच्या वर आहे, काब्रेराचा सातच्या आसपास."

आमची ही ओट्याशी चकलीची भाजणी मळत होती. पाठ न वळवता म्हणाली, "वार सातच असतात. दहा कुठून आणले त्याने?"

जावयांनी तिथल्या तिथे सासूबाईंना वाकून नमस्कार केला.

लेकीने मग आम्हां दोघांना बसवून समजावलं. समजा, काब्रेराचा पाय मुरगळला. संघ त्याच्या जागी कोणाला उभा करेल? खालच्या लीगमधून स्वस्तात, सहज मिळणाऱ्या कोणाला तरी. त्या कोणातरीच्या मानाने हा गडी वर्षभरात किती सामने जास्त जिंकून देतो, तो आकडा म्हणजे वॉर. त्यात नुसती बॅट धरत नाहीत, धावणं आणि झेलणंही धरतात. ट्राउट बाल्टिमोरला भिंतीवर झेपावून पलीकडे गेलेला होमरन परत घेऊन आला, ते तिने मला चार वेळा दाखवलं. चौथ्यांदा मीही "अरे वा" म्हणालो. काब्रेराची बाजू इथे जरा लंगडी. प्रिन्स फील्डर नावाचा दुसरा अवजड गडी संघात आला म्हणून याने पहिल्या बेसवरची जागा सोडली आणि तिसऱ्या बेसवर गेला. हंगामाच्या आधीच तिथे एक चेंडू उसळून डोळ्याखालच्या हाडावर बसला. तरी तो तिथेच उभा राहिला. जावई म्हणत, याला म्हणतात मोल. लेक म्हणे, याला म्हणतात चेंडू न दिसणं. शिवाय त्या वर्षी २८ वेळा याच्या एका फटक्यावर दोन-दोन गडी बाद झाले होते, ते ती रोज सांगायची.

मला मात्र त्या 'कोणातरी'चं वाईट वाटत राहिलं. "त्याचा स्वतःचा वॉर किती गं?"

"शून्य, बाबा. व्याख्येनेच शून्य."

तेव्हा मला वॉर एकदम कळला. साहेब रजेवर गेले की त्यांच्या खुर्चीचा 'अतिरिक्त कार्यभार' ज्याच्याकडे येतो, तो हा माणूस. सह्या त्याने करायच्या, नाव साहेबांचं. मी अकरा वेळा होतो. लेक तेवढ्यावर थांबली नाही. तिने घरातल्यांचाही वॉर काढायला घेतला. आई आठ दिवस आजारी पडली तर काय काय अडेल, याची यादी कागदाच्या मागच्या बाजूवर गेली. मग तिने विचारलं, "आणि बाबा आठ दिवस आजारी पडले तर?"

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येऊ लागला. शेवटी जावयांनी मोठ्या मनाने सांगितलं, "पेपरातले मथळे मोठ्यांदा कोणी वाचणार नाही."

हिचं मत अजून कोणी विचारलं नव्हतं. ही मालवणची. ट्राउट हा मासा आहे, एवढं कळल्यावर दुकानातून तो आणवला, तिखट-मीठ-आमसूल लावून तळला, एक घास घेतला आणि निकाल दिला, "गोड्या पाण्यातलो मासो तो, तेका चव ती काय असतली?" मिशिगनचा राज्यमासा ट्राउटच्याच जातीचा, ब्रूक ट्राउट आहे, हे लेकीने सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. मतदार एकदा ठरला की ठरला.

शेजारी एक म्हातारबुवा राहत. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त, चकली त्यांना फार आवडे आणि ती संपेपर्यंत ते गोष्टी सांगत. या बक्षिसाचं मूळ त्यांच्याकडून कळलं आणि मला फार गार वाटलं, कारण ते मूळच घोटाळ्यात आहे. १९१० साली डेट्रॉइटच्याच चामर्स कंपनीने जाहीर केलं, की ज्याची सरासरी सर्वांत जास्त, त्याला मोटार. चुरस दोघांत, डेट्रॉइटचा टाय कॉब आणि क्लीव्हलंडचा नॅप लाजवे. कॉब पुढे होता, म्हणून शेवटचे दोन सामने खेळलाच नाही. आकडा सांभाळत घरी बसला. तो कोणालाच आवडत नसे. शेवटच्या दिवशी सेंट लुइसला लाजवेचे लागोपाठ दोन सामने होते. तिथल्या मॅनेजरने आपल्या तिसऱ्या बेसवाल्या पोराला हुकूम दिला, लांब मागे जाऊन उभा राहा. लाजवेने एक फटका जोरात मारला आणि मग चेंडूला नुसती बॅट लावून हळूच पुढ्यात टाकायचा सपाटा लावला. उचलायला जवळ कोणी नाहीच. दिवसअखेर आठ हिट! धावफलक लिहिणाऱ्याला नव्या सुटाची लालूचही दाखवली गेली. मॅनेजरची नोकरी गेली. लीगच्या अध्यक्षांनी आकडे घोटून कॉबला किंचित पुढे काढलं, आणि चामर्सने वाद नको म्हणून दोघांनाही एकेक मोटार दिली.

"शहाणा माणूस," ही म्हणाली आणि म्हातारबुवांच्या ताटलीत आणखी दोन चकल्या ठेवल्या.

आकड्यावर बक्षीस ठेवलं की असं होतं, म्हणून १९११ पासून लेखकांची मतं घ्यायची ठरलं. चामर्सचं बक्षीस काही वर्षांत बंद पडलं. १९३१ पासून बेसबॉल लेखकांची संघटना हे काम बघते. मतपत्रिकेबरोबर जे सूचनापत्र जातं, ते लेकीने मला वाचून दाखवलं. सर्वांत मोलाचा म्हणजे काय याची पक्की व्याख्या नाही, ज्याने त्याने ठरवावं, अशा अर्थाचं त्यात चक्क लिहिलेलं आहे. मी हात जोडले. 'आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही करावी' लिहिणारे शासन निर्णय मी आयुष्यभर वाचले, पण इतका निर्मळ कबुलीजबाब नाही वाचला. व्याख्या केली असती तर एका कारकुनाने दहा मिनिटांत निकाल लावला असता आणि आमच्या टेबलावर गप्पांना विषय उरला नसता.

तिहेरी मुकुटाने तरी मत बांधलं जाईल, हा जावयांचा समज म्हातारबुवांनीच मोडला. बॉस्टनच्या टेड विल्यम्सने १९४२ आणि १९४७ अशी दोनदा ती कामगिरी केली. दोन्ही वेळा बक्षीस न्यूयॉर्क यांकीजकडे गेलं. १९४७ ला जो डिमॅजिओला २०२ गुण आणि विल्यम्सला २०१. विल्यम्सचं पत्रकारांशी पटत नसे. गोपनीय अहवाल कोण लिहितो याचं भान माणसाने ठेवावं, असं मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

ऑक्टोबरात टायगर्स अंतिम मालिकेपर्यंत पोचले आणि चारही सामने हरले. शेवटचा गडी काब्रेराच. चेंडू समोरून गेला आणि याने बॅट हलवलीच नाही. म्हातारबुवा दोन दिवस बाहेर दिसले नाहीत. पण मतं त्या सामन्यांच्या आधीच पाठवलेली असतात, हे कळल्यावर जावई पुन्हा जेवू लागले. लेकीचा राग निराळाच होता. टायगर्स ८८ सामने जिंकून पुढे गेले, एंजल्स ८९ जिंकून घरी बसले, कारण त्यांच्या गटात दोन संघ त्यांच्याहून वरचढ होते. तालुक्यात पहिला आलेल्याचा सत्कार आणि बोर्डात तिसरा आलेल्याला टाळी नाही, असं हे झालं.

निकाल १५ नोव्हेंबरला लागला. त्या दिवशी भाऊबीज होती. सकाळी स्काइपवरून भावाला ओवाळून झालं, दुपारी चकल्यांचा शेवटचा घाणा काढताना धुराची घंटा दोनदा वाजली. संध्याकाळी पैज लागली, हरेल त्याने ती कढई घासायची. डिशवॉशरमध्ये मावत नव्हती.

काब्रेरा ३६२, ट्राउट २८१.

जावई टोपी उडवून नाचले. मी कागद घेतला, कारण बेरीज तपासल्याशिवाय मला झोप येत नाही. मतं देणारे २८ लेखक. पहिल्या क्रमांकाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८. काब्रेराला पहिली मतं २२, त्यांचे ३०८. उरलेल्या सहांनी दुसरा ठेवला, नवसक चोपन्न. बेरीज ३६२, बरोबर. ट्राउटला पहिली मतं सहा, त्यांचे ८४. बाकी २२ जणांनी दुसरा ठेवला असता तर १९८. एकूण २८२. इथे लिहिलेत २८१. एक गुण कमी! मी कागदावर खूण केली आणि तासाभराने पकडलं. अठ्ठावीस जणांतल्या एकाने ट्राउटला तिसरा टाकला होता.

हे सांगायला मी दिवाणखान्यात गेलो. लेक आणि जावई तोवर १९४७ वर पोचले होते आणि दोघांचेही आवाज चढले होते. ही केव्हाच झोपली होती. ओट्यावर कढईतलं तेल घट्ट बसत चाललं होतं.

मी बाह्या सरसावल्या. घासायला पाऊण तास लागला.