बिनपासपोर्टचे परदेशस्थ

"लहानपणी आम्ही फॉरेनला होतो," असं कोथरूडात कोणी म्हणालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लंडन नाहीतर न्यू जर्सी उभं राहतं. आमचे कर्नलपुत्र हे वाक्य टाकतात, जरा थांबतात आणि मग हळूच "भूतानला" असं जोडतात. समोरचा म्हणतो, "अच्छा, म्हणजे तसं फॉरेन नाही!" कर्नलपुत्रांची सकाळ तिथेच नासते.

वडील फौजेत, बालपण दर दोन-तीन वर्षांनी नव्या छावणीत आणि म्हातारपणाची सोय पुण्यात, अशी ही जमात. शोधलीत तर तुमच्याही सोसायटीत एखादा सापडेल. ओळखायची खूण सोपी आहे. सोसायटीतल्या उरलेल्या सगळ्यांना तो 'सिव्हिलियन' म्हणतो, स्वतः जन्मभर बँकेत नोकरी केलेली असली तरी. घरातला दिवाण हा दिवाण नसतो. गादीखाली दोन काळ्या लोखंडी ट्रंका असतात. त्यांवर पांढऱ्या रंगात वडिलांचं नाव आणि हुद्दा. आमच्या कर्नलपुत्रांच्या ट्रंकेवर 'कॅप्टन' खोडून 'मेजर' आणि 'मेजर' खोडून 'लेफ्टनंट कर्नल' केलेलं आहे. एवढं बोलकं चरित्र मी दुसरं वाचलेलं नाही.

बाकीच्यांच्या ट्रंका जम्मू-जोरहाट करून आलेल्या असतात, यांच्या भूतानातल्या 'हा' खोऱ्यात गेल्या होत्या. भूतानच्या सैन्याला शिक्षण देणारं आपलं पथक, ज्याला सगळे इमट्रॅट म्हणतात, ते साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे आहे. गावाचं नाव खरोखरच 'हा'. त्यामुळे "आम्ही हा-ला होतो" म्हटलं की बोलणं बराच वेळ पुढे सरकत नाही.

सोसायटीच्या खजिनदारांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. भारतीयाला भूतानला जायला पासपोर्ट लागत नाही. आपला रुपया तिथे चालतो, त्यांचं न्गुलट्रम रुपयाच्याच भावाचं. फुंट्शोलिंगहून थिंफूला चढणारा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेच्या 'दंतक'ने बांधला. पहाऱ्यावर आपला जवान, कॅन्टीनमध्ये आपला साबण, शाळेत गणिताचे मास्तर केरळचे. "मग तिथे परदेशी असं होतं काय?" खजिनदार विचारतात.

"घड्याळ!" कर्नलपुत्र ताडकन सांगतात. भूतान आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. त्यांच्या दिवाणखान्यातलं एक घड्याळ अजूनही त्या वेळेवर आहे. सोसायटीच्या सभेला ते अर्धा तास आधी येऊन एकटेच का बसतात, याचा उलगडा आम्हाला तेव्हा झाला.

१९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता. नथु-ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवर आणि याकांवर बसून ती मंडळी पारोला पोचली. हा प्रवास कर्नलपुत्र असा रंगवतात की लगाम त्यांच्याच हातात होता असं वाटावं. त्यांचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, ही किरकोळ बाब.

त्यांचं दुःख मात्र खरं आहे. भूतानमध्ये टीव्हीचं प्रसारण सुरू झालं ते १९९९ साली. म्हणजे १९८७ मध्ये रविवारी सकाळी अख्खा देश 'रामायण' बघत गल्ल्या ओस पाडत होता, तेव्हा हे हा खोऱ्यात धनुर्विद्या बघत होते. तिथला तो राष्ट्रीय खेळ. नेम जवळजवळ १४० मीटरवरचा, आणि बाण लागला की खेळणारे नाचतात, गातात. नेम धरणाऱ्याची खिल्ली उडवणं हाही खेळाचाच भाग. गणेशोत्सवात हा खेळ पार्किंगमध्ये घ्यावा, असा ठराव त्यांनी एकदा मांडला होता. पार्किंगची लांबी मोजायच्या आतच तो फेटाळला गेला.

भूतानचा राष्ट्रीय प्राणी ताकिन. द्रुक्पा कुनले नावाच्या अवलियाने गाईच्या सांगाड्यावर बोकडाचं डोकं बसवून तो निर्माण केला, अशी तिथे कथा आहे. कर्नलपुत्र मला तसेच वाटतात. आडनाव देशस्थी, हिंदी मेरठची, शिस्त इंग्रजी आणि मराठी आजीकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत शिकल्याइतकी. 'मूळ गाव' या प्रश्नाला ते थेट वडिलांच्या युनिटचं नाव सांगतात.

माझं विचाराल तर हे गृहस्थ भूतानमध्ये कमी आणि छावणीत जास्त राहिले. जिवलग भूतानी मित्र कोण, असं विचारलं तर ते मेसच्या खानसाम्याचं नाव भक्तिभावाने घेतात. पुढे चौकशी केली की तो गढवालचा निघतो. पण चीज घातलेली मिरच्यांची भाजी, एमा दात्शी, ते अस्सल करतात. तिथे मिरची हा मसाला नाही, भाजी आहे. वाटीभर मिरच्या माणूस भाताबरोबर जेवून उठतो.

तेव्हा त्यांनी जेवायला बोलावलं तर जरूर जा. आठची वेळ दिली असेल तर आठ आपल्या का भूतानच्या, एवढं आधी विचारून घ्या. आणि घरून ताक घेऊन जा, कारण त्यांच्याकडे ते मिळत नाही.