प्रति, मा. शाखाप्रमुख

लालबागच्या कुठल्याही चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत एक अप्पा राहतात. ओळख करून द्यायची गरज नाही. सकाळी नाक्यावरच्या बाकड्यावर पेपर उघडला की पहिल्या पानावरच्या पुढाऱ्याला ते अरे-तुरे सुरू करतात, आणि पान उलटायच्या आत जाहीर करतात, "बस्स झालं. आज राजीनामा देतोय."

अप्पांकडे पद नाही. कधीच नव्हतं. शाखाप्रमुख सोडा, ते गटप्रमुखही झाले नाहीत. एकदा शाखाप्रमुखाने न राहवून विचारलं, "अप्पा, राजीनामा कशाचा?"

"सदस्यत्वाचा!"

"पण पावती कुठे फाडली होती तुम्ही?"

अप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, टेबलावरचं पेन उचललं आणि पावत्या न फाडणाऱ्या शाखेच्या ढिसाळ कारभाराबद्दल राजीनाम्यात आणखी एक कलम घातलं.

राजीनामा क्रमांक एक 1975 चा. तोवर सगळं निखळ होतं. 1970 मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, परळची पोटनिवडणूक लागली आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. मतदानाला तेव्हा वय 21 लागायचं. अप्पांचं भरलं नव्हतं. खळीची बादली उचलायला मात्र वयाची अट नव्हती. समोरच्या खोलीतल्या लाल बावट्याच्या मामांशी बोलणं तुटलं, ते तेव्हापासून. वसंतराव नाईकांवरून विरोधक सेनेला 'वसंतसेना' म्हणून चिडवत, तेव्हा अप्पा अंगावर धावून जात. मग साहेबांनी, म्हणजे बाळासाहेब ठाकरेंनी, आणीबाणीला पाठिंबा दिला आणि अप्पांची पंचाईत झाली. धावून जायचं कुणाच्या अंगावर?

क्रमांक दोन 1991 चा. 1985 मध्ये महापालिका जिंकल्यावर महापौर झालेले छगन भुजबळ काँग्रेसमध्ये गेले. "भुजबळ गेले, त्यात तुम्ही कशाला राजीनामा देता?" या प्रश्नावर अप्पांचं उत्तर तयार होतं, "कुणीतरी रीतसर द्यायला नको?"

पण 1992 च्या जुलैमध्ये खुद्द साहेबांनीच 'सामना'तून शिवसेना सोडत असल्याचं जाहीर केलं. अप्पा मुळापासून हादरले. राजीनामा ही आपली वहिवाट, त्यात साहेबांनी पडायचं काय कारण? शिवसैनिकांनी गर्दी केली, गळ घातली, साहेबांनी निर्णय मागे घेतला. त्या आनंदात अप्पांनीही मागचे दोन्ही राजीनामे मागे घेतले. लेखी.

1995 मध्ये युतीचं सरकार आलं. रुपयात झुणका-भाकर खाऊन अप्पा तृप्त झाले, ते वर्षभरच. 1 नोव्हेंबर 1996 ला शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी अंधेरीत मायकेल जॅक्सन नाचला. क्रमांक तीन. हा राजीनामा शाखेत पोचवायचं काम मुलाकडे आलं; तो आदल्या दिवसापासून तिकिटासाठी त्याच शाखेत बसला होता.

क्रमांक चारला मात्र कुणी हसलं नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, तो दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. अडीच लाख कामगार त्यात होते, अप्पा त्यातलेच एक. गिरणी सुटली ती सुटलीच. 2005 मध्ये शिवसेना भवनासमोरच्या कोहिनूर मिलच्या जमिनीचा लिलाव झाला. ती 421 कोटींना घेणाऱ्यांत मनोहर जोशींचे चिरंजीव उन्मेष आणि राज ठाकरे यांच्या कंपन्या होत्या. एरवी दोन पानं भरणाऱ्या अप्पांनी त्या दिवशी एकच ओळ लिहिली. "मालकसुद्धा आपलेच निघाले."

पुढच्याच वर्षी राज ठाकरेंची मनसे निघाली. क्रमांक पाच. 2009 ला शिवडीत बाळा नांदगावकरांच्या इंजिनाचं बटण दाबून आले आणि रात्री जेवले नाहीत. बायकोने कारण विचारल्यावर म्हणाले, "इंजिन पूर्वी आपलीच निशाणी होती." ते खरंही होतं. 1989 मध्ये धनुष्यबाण मिळण्याआधी सेना ढाल-तलवारीवर लढली, इंजिनावर लढली, आणि 1985 ला भुजबळ माझगावातून मशालीवर आले होते.

17 नोव्हेंबर 2012 ला साहेब गेले. त्यानंतर सात वर्षं अप्पांनी एकही राजीनामा लिहिला नाही. सहावा आला तो 28 नोव्हेंबर 2019 ला, शिवाजी पार्कवर काँग्रेस-राष्ट्रवादीच्या साथीने उद्धव ठाकरेंचा शपथविधी झाला त्या रात्री. शपथविधी बघून, टाळ्या वाजवून, घरी येऊन लिहिला.

मग 2022 चा जून आला. एकनाथ शिंदेंसोबत आमदार सुरत-गुवाहाटीला गेले. 17 फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. नाक्यावरच्या शाखेत पाटी बदलली, उद्धव गटाची मशाल आली. जुना शाखाप्रमुख तिकडे, टेबल इकडे. आता राजीनामा माणसाला द्यायचा की टेबलाला?

पाटी रंगवताना ते टेबल हलवलं आणि खणातून अप्पांचे सगळे राजीनामे निघाले. मागे घेतलेलेसुद्धा. वाचल्याची खूण एकावरही नव्हती, पण प्रत्येकाच्या पाठीवर काही ना काही लिहिलेलं होतं. केईएममधला वॉर्ड आणि खाटेचा नंबर. कुणाचा रक्तगट. शाळेच्या दाखल्यासाठी तीन पोरांची नावं. रात्री दोनला रुग्णवाहिका मागायला आलेल्या माणसाचा खोली नंबर. निम्मं अक्षर अप्पांचंच. संध्याकाळी पक्ष सोडायचा आणि मध्यरात्री कुणाचं तरी पोट दुखतंय म्हणून त्याच शाखेची कडी वाजवायची, असं पन्नास वर्षं चाललं होतं.

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं. अप्पा नेहमीप्रमाणे सकाळी सातला रांगेत पहिले. शिवडीच्या यंत्रावर मशाल होती, इंजिन होतं, धनुष्यबाण नव्हताच. महायुतीत शिंदे गटाने इथे उमेदवार दिला नव्हता. आत इतका वेळ लागला की केंद्रावरच्या बाईंनी हाक मारली, "आजोबा, काही अडचण?"

"नाही ताई. निशाणी शोधतोय."

बोटाला शाई लावून ते बाहेर आले. कुठलं बटण दाबलं ते मुलालाही सांगितलं नाही. दुपारी क्रमांक सात लिहायला बसले. मजकूर झाला, 'जय महाराष्ट्र' झालं, सही आणि तारीख झाली. वर 'प्रति, मा.' एवढंच आहे. तो कागद अजून खोलीत कॅलेंडरच्या खिळ्याला टोचलेला आहे, आणि त्याची पाठ कोरी आहे.