अण्णांचं रेकॉर्डधुणं

गेल्या रविवारी अण्णांनी मला काहीच ऐकवलं नाही. म्हणजे मुद्दाम फोन करून बोलावलं, खुर्चीत बसवलं, पंखा बंद केला आणि काहीच ऐकवलं नाही. तबकडी फिरू लागली, सुई टेकली, अण्णांनी एक बोट वर केलं. सहा-सात सेकंद गेले.

“आलं काही ऐकू?”

“नाही.”

“वा!” अण्णा म्हणाले आणि सतारीचा पहिला झणत्कार होतो न होतो तोच त्यांनी सुई उचलली.

रेकॉर्डी जमवणारे पुण्यात पुष्कळ. त्यातूनच हळूहळू ही एक पोटजात निघाली आहे : रेकॉर्डधुवे. ओळखायला सोपी. घरात इन्व्हर्टर नसतो, पण इन्व्हर्टरमध्ये घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन असतो. बोलताना हा माणूस तुमच्या चेहऱ्याकडे बघत नाही, बोटांकडे बघतो. आणि ‘काय सुंदर गातात हो’ असं कुणी म्हणालं, की हा म्हणतो, “दोनदा धुतलीय.”

अण्णा बँकेतून निवृत्त झाले आणि बुधवार-रविवार जुन्या बाजारात जाऊ लागले. तिथे पत्र्याच्या शेडखाली, गंजक्या नळांच्या आणि बिनहँडलच्या कढयांच्या शेजारी रेकॉर्डींच्या थप्प्या असतात. सत्तर रुपयांना घेतलेली रेकॉर्ड घरी येते तेव्हा तिच्यावर काय नसतं? चार पावसाळ्यांची बुरशी, फोडणीचा तेलकट थर, उदबत्तीची राख, आणि मूळ मालकाच्या बोटांचे असे ठसे, की पोलिसांना उपयोग व्हावा. कव्हरवर निळ्या शाईत ‘चि. सौ. हीस लग्नाच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त सप्रेम’. अण्णा तो मजकूर वाचतात, हळहळतात आणि धुवायला घेतात.

यामागचं शास्त्र त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे, की मी झोपेतही म्हणू शकेन. लाँगप्लेच्या एका बाजूची खाच सरळ केली, तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरते. रुंदीला ती केसापेक्षाही बारीक. कोरड्या फडक्याने पुसलं की धूळ निघत नाही, आणखी आत बसते. पाण्याने धुतलं तर मळ सुटतो खरा, पण पाणी तसंच वाळू दिलं की तो पुन्हा खाचेत जाऊन बसतो, सुट्टीवरून परतलेल्या कारकुनासारखा. (ही उपमा अण्णांची. बँकेतली.) म्हणून मळ पाण्यात तरंगत असतानाच ते पाणी ओढून घ्यायला हवं. “सक्शन!” असं म्हणून अण्णा ओठांचा चंबू करतात.

परदेशात याची यंत्रं मिळतात. इंग्लंडात कीथ मंक्स यांचं यंत्र बीबीसीवाले वापरत. त्याच्या नळीच्या टोकाशी नायलॉनचा दोरा सरकत असतो, म्हणजे नळी रेकॉर्डला घासत नाही. त्याची किंमत अण्णा कुजबुजत सांगतात. अमेरिकेतलं व्हीपीआय आहे. हॉलंडमधलं ओक्की नोक्की आहे, जे नाव ऐकून काकूंना ते कुणाच्या तरी जुळ्या नातवंडांचं टोपणनाव वाटलं. या शेवटच्या दोन्हींचं तत्त्व एकच : रेकॉर्ड फिरते, तिच्यावर मखमल लावलेली फटीची नळी टेकते, खालून मोटर पाणी ओढते. त्यांतल्या त्यांत गरिबाचं म्हणजे केएबीचं : त्यात मोटरच नाही, रेकॉर्ड हाताने फिरवायची आणि नळीला घरातला व्हॅक्यूम क्लीनर जोडायचा. हे वाचलं आणि अण्णांची नजर माळ्याकडे गेली.

मध्यमवर्गीय मराठी घरांच्या माळ्यांवर एक व्हॅक्यूम क्लीनर हमखास असतो. कधी काळी टाय लावलेला एक मुलगा घरी आला होता, त्याने गादीतून वाटीभर माती काढून दाखवली होती आणि घरातल्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे दोन दिवाळ्या वापरून तो माळ्यावर गेला. अण्णांनी तो उतरवला. अर्धा इंची पीव्हीसी पाइपला हॅक्सॉने फट पाडली. फटीच्या दोन्ही कडांना मखमल चिकटवली. ती गणपतीच्या मखरासाठी तुळशीबागेतून आणलेली, म्हणजे देवाकडून उसनी. भंगारातून मोटारीच्या वायपरची मोटर आणली, कारण ती सावकाश फिरते आणि दाबली तरी थांबत नाही. कोरड्या क्लीनरने पाणी ओढलं तर तो जळतो, हे अण्णांना क्लीनर जळायच्या साधारण दीड मिनिट आधी कळलं. मग वाटेत लोणच्याची प्लास्टिकची बरणी आली. झाकणाला दोन भोकं : एकातून पाणी येतं आणि बरणीत पडतं, दुसऱ्यातून नुसती हवा पुढे जाते.

यंत्राचा एकूण खर्च, अण्णांच्या वहीप्रमाणे, 2,340 रुपये. त्यात काकूंच्या बरणीचे पैसे धरलेले नाहीत आणि याची आठवण काकू स्वतः करून देतात.

ही बरणी म्हणजे अण्णांच्या दिवाणखान्याची शोभा. पाहुण्यापुढे चहा आणि बरणी एकदमच येतात, आणि दोन्हींचा रंग सारखाच असतो. “हे बघ,” अण्णा बरणी उजेडात धरतात, “एकोणीसशे अडुसष्टची धूळ!” पाहुणा कप खाली ठेवतो. माझ्या पाहण्यात अण्णांकडे दुसरा चहा कुणी मागितलेला नाही.

पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल पडतं. औषधांच्या दुकानातला मुलगा पूर्वी अण्णांकडे संशयाने बघायचा. 2020 साली सगळं जग तेच द्रावण हातांना चोळू लागलं, तेव्हा अण्णांना क्षणभर वाटलं, की आपल्या छंदाला अखेर लोकाश्रय मिळाला.

याच अल्कोहोलने त्यांचा एकदा घात केला. काकूंच्या आईची एक जुनी अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड होती. त्या काळातल्या रेकॉर्डी प्लास्टिकच्या नसत, लाखेच्या असत. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यावरच तर सुताराचं पॉलिश चालतं. अण्णांना हे पाठ होतं. दुसऱ्यांना त्यांनी शंभरदा बजावलं होतं. पण हातात फवारा आला की माणसाचं ज्ञान बोटांपर्यंत पोहोचत नाही. फडकं काळंभोर झालं. “किती मळ निघतोय बघ!” अण्णा आनंदाने ओरडले. काकूंनी फडक्याकडे पाहिलं, रेकॉर्डकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, मळ नाही, आई निघतीये.” त्यानंतर आठवडाभर त्या घरात खरीखुरी शांतता होती, आणि तीही अण्णांना आवडली नाही.

त्यांचा एक नियम सांगायचा राहिला. नळीखालून रेकॉर्डचे दोनच फेरे. तिसरा दिला तर रेकॉर्ड खडखडीत कोरडी होते, तिच्यावर वीज चढते आणि घरभरची धूळ पुन्हा तिच्याकडे धावते. संयमावर त्यांची एवढी श्रद्धा आहे, पण रात्री साडेदहानंतर यंत्र लावू नये हा सोसायटीचा ठराव मात्र त्यांना जाचक वाटतो.

यंदा गणपतीत कुणीतरी सुचवलं, की मोबाइलवरच्या आरत्या नकोत, अण्णांची रेकॉर्ड लावू. अण्णांनी आरत्यांची जुनी एलपी तीन दिवस धुतली. मंडपात प्लेअर आला, अँप्लिफायरला जोडला, लोक तबकं घेऊन उभे राहिले. सुई टेकली. काही नाही. एक सेकंद, दोन, तीन. अण्णांनी गर्दीकडे बोट वर करून पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. मंडपवाल्या इलेक्ट्रिशियनच्या मात्र डोळ्यांत घाम होता. “साहेब, लाइन गेली!” असं ओरडत तो धावला आणि त्याने टेबलावर एक सणसणीत थाप मारली.

खर्रर्र!

सुई या काठापासून त्या काठापर्यंत गेली. मग आरती सुरू झाली. पण प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक्’, मिनिटाला तेहेतीस टक्, आणि ते काही केल्या टाळ्यांच्या ठेक्यात बसेनात. पहिल्या रांगेतल्या पोरांनी दोन कडव्यांत टाळ्याच टकाच्या ठेक्यात आणल्या.

रात्री दहाच्या पुढे दार वाजलं. अण्णा उभे होते, एका हातात रेकॉर्ड, दुसऱ्यात भिंग.

“तुझे डोळे तरुण आहेत. नीट बघ. चरा आहे की धूळ?”

मी दिव्याखाली धरली. काठापासून आतपर्यंत गेलेला, नखाला लागेल एवढा चरा.

“धूळच वाटते,” मी म्हणालो.

“मलाही तेच वाटलं,” अण्णा म्हणाले आणि एकेक पायरी सोडत जिना चढले. पावणेअकराला वरून घरघर सुरू झाली. दोन फेऱ्यांनी ती थांबायला हवी होती.