बर्गी आला, पूल उघडला

खिदिरपूरला का जावं, याचं एकही पटणारं कारण मला कोलकात्यात कोणी दिलं नाही. न जाण्याची कारणं मात्र ज्यानं त्यानं न विचारता दिली: धूळ, कंटेनरचे ट्रेलर, रस्ताभर कोंडी आणि शेवटी ‘ओखाने की आछे?’ दीघा, पुरी आणि दार्जिलिंग सोडून कोणी चौथीकडे निघाला की बंगाली माणसाला त्याच्या तब्येतीची काळजी वाटू लागते.

माझ्यापाशी कारण होतं. २७ मार्च १९०२ रोजी कोलकात्यातली पहिली विजेची ट्राम एस्प्लनेडहून निघाली ती खिदिरपूरलाच. मैदानाच्या हिरवळीतून, झाडांखालून. नागपूरहून गाडी सुटल्यापासून हावडा येईपर्यंत मी बायकोला या ट्रामबद्दल सांगत होतो. तिनं दोन स्वेटर विणण्याइतका वेळ ऐकून घेतलं. एस्प्लनेडला आम्ही ट्रामची वाट पाहत उभे राहिलो. बऱ्याच वेळानं एका चहावाल्याला आमची दया आली आणि त्यानं सांगितलं की २०२० च्या अंफान वादळापासून ही ट्राम बंद आहे.

“तुमची प्रत्येक गोष्ट वादळाच्या आधीची असते,” बायको म्हणाली आणि तिनं पिवळ्या टॅक्सीला हात केला.

टॅक्सीवाला मूळचा बिहारचा. त्याच्याशी मी बंगालीत बोलत होतो. माझं बंगाली चांगलं आहे. ते बंगाल्यांना कळत नाही, ही वेगळी गोष्ट. बिहारी माणसालाही ते कळलं नाही, तेव्हा बायकोनं नागपुरी हिंदीत सगळं ठरवून टाकलं: आधी भूकैलास, मग मटियाबुर्ज, तिथं बिर्याणी, मग परत. यातल्या ‘मग परत’वर तिनं विशेष जोर दिला होता, हे नंतर महत्त्वाचं ठरलं.

भूकैलास म्हणजे घोषाल राजांचा वाडा आणि १७८१ ची दोन शिवमंदिरं. आतल्या पिंडी एवढ्या उंच की नमस्कार करायचा तर मान आधी वर न्यावी लागते. जवळच कुठेतरी मायकेल मधुसूदन दत्तांच्या वडिलांचं घर होतं. रंगलाल आणि हेमचंद्र हे आणखी दोन कवीही इथलेच, म्हणून या भागाला कवितीर्थ म्हणतात. बंदराच्या भोंग्यात आणि ट्रेलरच्या हॉर्नमध्ये तीन तीन माणसांना छंद सुचला, यातच बंगालचं सगळं आलं. आमच्याकडे इतवारीत एकाला तरी सुचून दाखवावं.

आणि मग पूल आला.

खिदिरपूरची गोदी १८९२ पासूनची. तिच्या दोन भागांना जोडणाऱ्या कालव्यावर हा पूल आहे. बोट आली की पुलावरचा रस्ता अख्खाच्या अख्खा उठून उभा राहतो. मागच्या बाजूला मोठं वजन असतं, त्याच्या भारानं पुढची बाजू वर जाते. लहान मुलाला सी-सॉवर समजावून सांगता येईल इतकं सोपं. पुलाच्या अलीकडे ट्रेलरची रांग लागली होती आणि टॅक्सी तसूभरही हलत नव्हती. तेव्हा मी उतरलो. पलीकडच्या काठावरून पुलाचा फोटो घ्यावा, तोवर टॅक्सी येईलच, असा साधा हिशेब होता. कोणीही हाच केला असता, यावर मी आजही ठाम आहे.

मी पूल चालून पलीकडे गेलो. मागं वळलो. घंटा वाजली, फाटक पडलं आणि ज्या रस्त्यावरून मी नुकताच चालत आलो होतो तो माझ्या डोळ्यांदेखत आकाशाकडे निघाला.

कालवा काही फार रुंद नाही. पलीकडे टॅक्सीतून उतरलेली बायको स्वच्छ दिसत होती. तिच्याकडे माझं पाकीट होतं, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि संत्र्यांची पिशवी होती. माझ्याकडे फोन होता. त्याची बॅटरी सकाळपासून ट्रामची माहिती वाचण्यात संपली होती.

“काहून उतरले तुम्ही?” तिनं पलीकडून विचारलं. बायकोचा आवाज नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरून गच्चीवर बोलून तयार झालेला आहे. तिला गोदी म्हणजे काहीच नाही.

“फोटो!” मी ओरडलो.

“कोणाचा?”

दोन्ही काठांवर माणसं जमत होतीच, आता ती आमच्याकडे बघू लागली. सायकलवाले, लुंगीतले हमाल, शाळेची मुलं, मटियाबुर्जहून कपड्यांचे गठ्ठे आणणारे हातगाडीवाले. माझ्या शेजारच्या एका आजोबांनी विचारलं, कुठून आलात? मी म्हणालो, नागपूर. आजोबांचे डोळे चमकले.

“नागपूर! रघुजी भोसले! बर्गी!”

झालं. हा शब्द काठावरून पसरत गेला. रघुजी भोसल्यांच्या फौजा, म्हणजेच बंगाल्यांचे बर्गी, १७४२ मध्ये बंगालवर आल्या, तेव्हा कोलकात्याच्या रहिवाशांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैल खणायचा होता, तीनेक मैलांवर उत्साह संपला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे तो खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला. पण गावोगाव जी लूट झाली, माणसं मेली, ती बंगाल विसरला नाही. बर्गीचं नाव तिथं पाळण्याच्या गाण्यात जाऊन बसलं आणि पोरं अजून त्या नावानं झोपी जातात. शेजारच्या बाईच्या कडेवर असंच एक पोर होतं. तिनं त्याला बोटानं मी दाखवला. पोरानं मला नीट न्याहाळलं, पलीकडे ओरडणारी बायको न्याहाळली आणि ते हसायला लागलं.

आजोबा हिशेबाचे पक्के निघाले. १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल केली होती. ती व्याजासकट परत मिळेल का, असं त्यांनी हिंदीत मला विचारलं. मी म्हणालो, माझं पाकीट पलीकडे आहे.

तेवढ्यात बोट आली. आली म्हणजे काय, दिसायला लागली. कोलकाता बंदर समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत आहे. हुगळीत गाळ इतका, की मोठ्या बोटींना भरतीची वाट बघत, वाटाड्या घेऊन यावं लागतं. गाळ वाहून जावा म्हणून फराक्काचं धरण बांधून १९७५ पासून गंगेचं पाणी इकडे वळवलं, तरी गाळानं आपला मुक्काम हलवलेला नाही. इतका प्रवास करून आलेली बोट शेवटच्या शंभर पावलांसाठी घाई कशाला करेल? ती आमच्या मधून इतकी हळू सरकत होती, की एका खलाशाला डेकवर दाढी करताना मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. त्यानं फेस पुसून मला हात केला. मीही केला. बोटीच्या भिंतीमुळे बायको दिसेनाशी झाली होती, नुसता आवाज येत होता. त्यात ‘बिर्याणी’ आणि ‘तुमच्या आईनंसुद्धा’ एवढंच कळलं.

बोट गेली. पलीकडे टॅक्सी नव्हती. बायकोही नव्हती.

इथं मला जे वाटलं ते सांगायला नको. पूल खाली आला तसा मी धावत सुटलो. आजोबा मागून काहीतरी ओरडत होते, पण मी थांबलो नाही. पलीकडे पोचलो, सगळे ट्रेलर शोधले, एका चहाच्या टपरीतसुद्धा डोकावलो. मागं वळून पाहतो तो पलीकडच्या काठावर, मी मघाशी उभा होतो त्याच जागी, पिवळी टॅक्सी उभी. फाटक उघडताच ट्रेलरच्या आडून टॅक्सीवाल्यानं पूल ओलांडला होता. बायको आजोबांना संत्रं सोलून देत होती.

घंटा वाजली. दुसरी बोट.

या वेळी कोणी ओरडलं नाही. बायकोनं नुसता कपाळाला हात लावला, आणि त्या काठावरच्या तमाम बंगालनं तिच्याबरोबर लावला.

पुन्हा भेटल्यावर गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. गार्डन रीच रोडला नदीकाठी सुरीनाम घाट आहे, तिथं पाणी प्यायला थांबलो. घाटावर एका जोडप्याचा पुतळा आहे, माई-बाप. जवळ फक्त एक पोटली. २६ फेब्रुवारी १८७३ ला ‘लल्ला रूख’ नावाचं जहाज कोलकात्याहून सुमारे ४०० मजूर घेऊन निघालं आणि ५ जूनला सुरीनामला लागलं. करार पाच वर्षांचा, उसाच्या मळ्यात. बिहार-अवधच्या खेड्यांतून आलेल्यांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. अशी जहाजं मॉरिशसला तर १८३४ पासूनच जात होती. निघण्याआधी माणसं इथल्या डेपोंमध्ये दिवस मोजत पडून राहत. कोणाची बायको मागं राहिली, कोणाचा भाऊ. पाच वर्षांनी परत येऊ म्हणाले, आणि कितीतरी जण आलेच नाहीत. टॅक्सीवाला काचेतून बघत होता. “हमरे गाँव से भी गया था कोई,” एवढंच तो बोलला. कोण, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

बायकोनं पुतळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “दोघं एकाच बाजूला आहेत, एवढं तरी बरं.”

मटियाबुर्जला पोचेपर्यंत दुपार कलली होती. अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये राज्य गमावून इथं आला. विलायतेला जाऊन दाद मागायची होती. गेली त्याची आई, आणि ती परतलीच नाही. नवाब इथंच राहिला, प्राणिसंग्रहालय उभारलं, ठुमऱ्या रचल्या आणि १८८७ मध्ये इथंच सिब्तैनाबाद इमामबाड्यात दफन झाला. त्याच्या बिर्याणीतला बटाटा मात्र साऱ्या कोलकात्यानं उचलला. तो बटाटा तंगीमुळे आला की हौसेमुळे, यावर लोक अजून भांडतात. आम्ही भांडलो नाही. बायकोनं तिच्या ताटातला बटाटा उचलून माझ्या ताटात ठेवला, आणि मी दोन्ही खाल्ले.

भांडण झालं ते टॅक्सीवाल्याशी. त्यानं थांबल्याचे जादा पैसे मागितले. मी म्हणालो, पूल उघडला यात माझा काय दोष? तो म्हणाला, पुलाचे पैसे धरलेच नाहीत, ते रोजचंच आहे. हे नुसते तुम्हाला शोधल्याचे.

बायकोनं माझं पाकीट उघडलं आणि त्यानं मागितले त्याहून पन्नास जास्त दिले.