रोपं आणली, आता फीत आणा

शेतातल्या झाडांबाबत आपण जगाकडून आजवर काय घेतलं, याची यादी करायला बसलं की झाडंच झाडं निघतात. निलगिरी ऑस्ट्रेलियातून आली. सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची, ती हवाई बेटांवरच्या संशोधनातून आपल्याकडे आली. हरियाणा-पंजाबच्या गव्हात उभा राहिलेला पॉपलर अमेरिकेतला. बियाणं आलं, कलमं आली, क्लोन आले. पण ज्या देशांत शेतकरी लाकडावर खरोखर पैसे कमावतो, तिथली मोजणी, प्रतवारी, जाहीर भाव आणि उत्पादकांची संघटना यातलं आपल्या किनाऱ्याला फारसं काही लागलं नाही. आपण झाड लावायला शिकलो, विकायला शिकलो नाही. शेतीवनाचं आपल्याकडचं सगळं दुखणं या एका ओळीत आहे.

सुबाभळीपासूनच सुरुवात करू. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला ‘बाएफ’ उभी केली. हवाई विद्यापीठातल्या जेम्स ब्रूबेकर यांच्या कामातून पुढे आलेली उंच वाढणारी सुबाभूळ याच संस्थेने सत्तरच्या दशकात आपल्या बांधांवर पोचवली. गुरांना पाला, चुलीला सरपण, जमिनीला नत्र असा तिहेरी लाभ होता. १९८८ मध्ये सिलिड ही कीड भारतात शिरली आणि सुबाभळीचे कोवळे शेंडे करपू लागले. तेव्हा त्या किडीवर जगणारा भुंगेरा थायलंडहून आणून सोडला गेला. म्हणजे बियाण्याची देवाणघेवाण झाली, किडीच्या वैऱ्याचीही झाली. शास्त्रज्ञांनी आपलं काम केलं. त्यापुढचं काम कुणीच केलं नाही: झाड वाढल्यावर ते घेणार कोण, मोजणार कशाने आणि देणार किती? आंध्र प्रदेशात ही सुबाभूळ कागद कारखान्यांचा कच्चा माल झाली आणि तिचा व्यवहार बाजार समित्यांच्या कक्षेत आला. तिथेही भावावरून आणि थकलेल्या पैशांवरून भांडणं झाली. पण भांडायला एक ठिकाण होतं. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तेही नाही.

निलगिरीची गोष्ट अधिक कडू आहे. ऐंशीच्या दशकात गुजरात, हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी निलगिरीवर विश्वास टाकला. दशक सरता सरता भाव कोसळले आणि अनेकांनी खोडं मुळासकट उपटून काढली. कारणं गूढ नव्हती. सगळ्यांची झाडं एकाच वेळी तोडणीला आली, कारखान्यांना सरकारी जंगलातलं लाकूड सवलतीत मिळत राहिलं, बाहेरून लाकूड आणणं सोपं झालं आणि तोडणी-वाहतुकीचे परवाने शेतकऱ्याच्या पायात अडकले. आपल्याकडे निफाडच्या विनायकराव पाटलांनी याच दशकात नाशिक जिल्ह्यातल्या निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी केली. एकट्या शेतकऱ्याला लाकडाच्या व्यापाऱ्यासमोर भाव मिळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. साखर आणि दुधाच्या सहकारावर मोठ्या झालेल्या या राज्यात लाकडाचा सहकार मात्र पसरला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोजमापाबद्दल बोलायलाच हवं, कारण फसवणुकीला पहिली जागा तिथेच मिळते. गोल ओंडका मोजायची एक जुनी इंग्रजी रीत आपल्या लाकूडबाजारात अजून चालते. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. अठराव्या शतकातल्या एडवर्ड हॉपस यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. १२० सेंटिमीटर घेराचा, ३ मीटर लांबीचा सागाचा ओंडका घ्या. या रीतीने तो ०.२७ घनमीटर भरतो. भूमितीने मोजला तर जवळपास ०.३४ घनमीटर. म्हणजे पाचातला एक हिस्सा कागदावर येतच नाही. चिरताना कड जाते, भुसा पडतो, त्याची ही वजावट आहे, असं समर्थन केलं जातं. ते मान्य. दोघांना हिशेब ठाऊक असेल तर भाव त्या बेताने ठरतो आणि कुणाचं नुकसान होत नाही. एकालाच ठाऊक असेल तर तो हिस्सा त्याच्या घशात जातो. आणि आपल्याकडे इथवरही गोष्ट येत नाही. बांधावरचा साग उभ्याउभ्या, उक्ता, नजरेच्या अंदाजाने दिला जातो, बहुतेक वेळा लग्न किंवा दवाखाना दारात आल्यावर. वीस वर्षं वाढवलेलं झाड वीस मिनिटांत जातं.

ऑस्ट्रेलियात रोवन रीड यांनी १९९६ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘मास्टर ट्री ग्रोअर’ हे प्रशिक्षण सुरू केलं. त्यात शेतकऱ्याच्या हाती झाडाचा व्यास मोजायची फीत देतात. साधी वस्तू आहे, पण झाडाचा मालक पहिल्यांदा स्वतः आकडा वाचतो आणि विरळणी कधी करायची, कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढायचं, हे स्वतः ठरवतो. आपण दर पावसाळ्यात रोपं वाटतो. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडांची मोहीम झाली. त्या रोपांसोबत अशी एक फीत आणि ती वापरायचा एक दिवसाचा वर्ग दिला असता, तर खर्च किती वाढला असता?

न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन हा तर ज्ञानाच्या प्रवासाचा धडाच आहे. हे झाड मूळचं कॅलिफोर्नियाचं. तिथे ते किनाऱ्याकडच्या मोजक्या पट्ट्यांत उरलं आहे. न्यूझीलंडने ते नेलं, निवडीने सुधारलं, मऊ लाकूड टिकवायच्या रासायनिक प्रक्रिया बसवल्या, लाकडाच्या प्रती ठरवल्या. तिथला शेतकरी खालच्या फांद्या वेळेवर छाटतो, म्हणजे बाहेरचं लाकूड बिनगाठीचं वाढतं. छाटणी कधी झाली, तेव्हा खोड किती जाड होतं, याची नोंद ठेवून तिचं प्रमाणपत्र मिळवायची सोय तिथे आहे. गाठी लाकडाच्या पोटात असतात, विकत घेणाऱ्याला त्या बाहेरून दिसत नाहीत. म्हणून कागद बोलतो आणि मेहनतीचा पैसा मिळू शकतो. आपल्याकडे सागाच्या फांद्या छाटणारा शेतकरी आणि न छाटणारा शेतकरी यांना वखारीत एकच भाव ऐकायला मिळतो. मग छाटणी शिकवणाऱ्या शिबिराचा उपयोग काय?

याच न्यूझीलंडचे ओंडके बोटीने कांडल्याला उतरले आणि गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरले गेले. समुद्र ओलांडून आलेल्या लाकडाला आपल्या देशात गिऱ्हाईक मिळतं. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मात्र स्वतःच्या जमिनीवरचा साग तोडायचा तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली आधी परवानगी घ्यावी लागते. ते हेलपाटे नकोत म्हणून तो परवानगीसकट झाड दलालाला देऊन टाकतो आणि भावातला मोठा तुकडा कागदपत्रांच्या नावाने कापला जातो. जंगलातली चोरी रोखण्यासाठी केलेला नियम असा झाड लावणाऱ्याच्या मुळावर आला. केंद्राने जून २०२५ मध्ये शेतजमिनीवरच्या वृक्षतोडीसाठी आदर्श नियम काढले. राज्याने ते फायलीत न ठेवता लवकर अमलात आणावेत. लागवडीच्या दिवशी नोंद झालेल्या झाडाची मालकी तोडणीच्या दिवशी पुन्हा सिद्ध करावी लागू नये.

उत्तर युरोपाकडून घ्यायचं ते लाकडाच्या बाजाराचं शहाणपण. फिनलंडमधलं जंगल मुख्यतः कुटुंबांच्या मालकीचं आहे. उभ्या लाकडाचे भाव तिथली सरकारी संशोधन संस्था प्रदेशवार आणि प्रकारवार, आठवड्याच्या आठवड्याला जाहीर करते. मेट्सालिट्टो ही तिथली सहकारी संस्था जवळपास ९० हजार वनमालकांची, आणि कारखानेही तिच्याच समूहाचे. स्वीडनमध्ये लाकूड मोजणारी यंत्रणा विकणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्या सहभागाने चालते. एकट्या गिरणीचा शब्द तिथे अखेरचा नसतो. हे वाचून ‘ते श्रीमंत देश आहेत’ असं म्हणणाऱ्यांनी लासलगावला जाऊन यावं. कांद्याचा लिलाव, प्रत, भाव हे सगळं आपण रोज करतो. जे कांद्याला जमतं ते सागाला आणि बांबूला का जमू नये?

श्रीमंतीचं कारण पुढे करणाऱ्यांसाठी व्हिएतनामही आहे. १९९३ च्या जमीन कायद्यानंतर तिथे उघड्या डोंगरांचे तुकडे कुटुंबांच्या हाती आले. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांबरोबर चाचण्या करून त्यांनी अकेशियाचे वाण निवडले आणि लाकडी फर्निचरच्या निर्यातीत मोठी मजल मारली. तरीही तिथला लहान शेतकरी वादळाच्या भीतीने आणि पैशाच्या निकडीने पाच-सहा वर्षांतच झाड तोडून कागदासाठी विकतो. फर्निचरला लागणारं जाड लाकूड होईपर्यंत थांबणं त्याला परवडत नाही. या अडचणीशी आपल्या शेतकऱ्याची गाठ रोजची. वाढत्या झाडावर कर्ज आणि विमा कसा द्यायचा, हा प्रश्न दोन्ही देशांनी एकत्र बसून सोडवण्यासारखा आहे. खरी देवाणघेवाण अशा बैठकीत होईल.

आणि आपण फक्त घेणारे नाही, हेही ठणकावून सांगायला हवं. सागाच्या रोपांमध्ये पीक घ्यायची टांग्या पद्धत तेव्हा ब्रिटिश भारतात असलेल्या ब्रह्मदेशातल्या करेन शेतकऱ्यांच्या फिरत्या शेतीवर उभी राहिली आणि तिथून आफ्रिकेपर्यंत गेली. ब्रह्मदेशाचं सागबियाणं १९१३ मध्ये त्रिनिदादला पोचलं. आज मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला साग भारतात विकला जातो. गव्हात पॉपलर कसा बसवायचा, हे यमुनानगरच्या परिसरातल्या शेतकऱ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? हिवाळ्यात पॉपलरची पानं झडतात आणि गव्हाला ऊन मिळतं, हे गणित त्याने शेतात सोडवलं आणि दारात प्लायवूडची बाजारपेठ होती म्हणून ते टिकलं. कोकणातल्या कुंपणाकडेचा माणगा बांबू हे तर घराघरांतून जपलेलं ज्ञान आहे. शेतीवनाचं राष्ट्रीय धोरण करणारा भारत जगातला पहिला देश, तेही २०१४ मध्ये. मग जागतिक परिषदांत आपल्या शेतकऱ्याने मागच्या रांगेत का बसायचं?

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. जिथे लाकडाचा व्यापार आहे, तिथल्या बाजार समितीने घेर, लांबी आणि प्रतीनुसार भाव दर आठवड्याला फलकावर लावावेत. बल्लारशाहच्या डेपोत सरकारी सागाची जशी प्रतवारी आणि लिलाव होतो, तशी सोय शेतकऱ्याच्या सागालाही मिळावी. परदेश दौऱ्यावर अधिकाऱ्यांसोबत झाडं लावणारे स्त्री-पुरुष शेतकरी आणि आरागिरणीवाले जावेत आणि परतल्यावर त्यांनी आपल्या तालुक्यात काय बदललं याचा जाहीर हिशेब द्यावा. कुऱ्हाड लागण्याआधी आपल्या झाडाचं माप आणि भाव कळणं हा ते लावणाऱ्याचा हक्क आहे. तो मिळत नाही तोवर किती कोटी रोपं लावली, हे कुणी मला सांगू नये. किती शेतकऱ्यांना पुरता पैसा मिळाला, ते सांगावं.