आज्ञाधारक द्वारपाल

‘या ॲपला लॉगिन जोडून दे’ एवढं एक वाक्य टाइप करायचं आणि चहाचं आधण ठेवायला उठायचं. पाण्याला उकळी येईपर्यंत काम झालेलं असतं. नाव-पासवर्डचा फॉर्म, सभासदांचा तक्ता, ‘पासवर्ड विसरलात?’ अशी आपुलकीची चौकशी, गूगलचं रंगीत बटण, आणि शेवटी हिरव्या टिकमार्कांची माळ घालून यंत्राचं निवेदन, की सर्व काही व्यवस्थित पार पडलं आहे. क्लॉड असो, कोपायलट असो की कर्सर, कोड लिहून देणाऱ्या या एआय मंडळींचा उरक पाहून माझ्यासारख्या जुन्या प्रोग्रॅमरला आनंद होतो आणि पाठोपाठ पोटात गोळा येतो.

बाकीचं सॉफ्टवेअर म्हणजे होकाराचं काम. मागितलं ते दाखव, दिलं ते साठव, सांगितलं तिथे पाठव. लॉगिन हे एकटंच नकाराचं खातं. कुणाला बाहेर ठेवलं यावर त्याची किंमत ठरते, आणि बाहेर राहिलेला माणूस काही आभाराचं पत्र पाठवत नाही. आता हे खातं आपण अशा कारकुनाकडे सोपवलंय, की ज्याच्या तोंडून ‘नाही’ निघताना फार जड जातं. चूक दाखवली तर ‘अगदी बरोबर पकडलंत!’ म्हणून तो आपलंच कौतुक करतो आणि त्याच उमेदीने पुढची करायला घेतो.

माझी भाची आमच्या तालुक्याच्या वाचनालयासाठी एक ॲप बनवते आहे. कोणतं पुस्तक आपल्याकडे आहे, वर्गणी कुठवर भरलीय आणि मुख्य म्हणजे दिवाळी अंकाच्या रांगेत आपला नंबर कितवा, हे सभासदाला घरबसल्या कळावं. या शेवटच्या मुद्द्यावरून वाचनालयात जी भांडणं होतात ती पाहता ही समाजसेवाच म्हणायची.

“मामा, लॉगिन झालं. बघ ना जरा.”

बघितलं. छान चाललं. पासवर्ड मुद्दाम चुकवला तर नम्रपणे अडवलंही. मग वरच्या पत्त्याच्या पट्टीत शेवटी माझा सभासद क्रमांक दिसत होता, तो खोडून मी कार्याध्यक्षांचा घातला. त्यांचं पान सरळ उघडलं. दर मराठी भाषा गौरव दिनाला गंभीर वाचनाच्या ऱ्हासावर बोलणाऱ्या या गृहस्थांच्या नावावर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची चळत निघाली. त्यांच्याविषयीचा माझा आदर दुणावला, हा भाग वेगळा.

मी कोण, हे यंत्राने नीट विचारलं होतं. मला काय काय बघायची मुभा आहे, हे विचारायचं राहून गेलं. हा दुसरा प्रश्न माणसांच्या हातूनही इतक्या वेळा राहतो, की वेब-ॲपमधल्या धोक्यांची यादी काढणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०२१च्या यादीत पहिला नंबर त्यालाच दिला.

हे कसं होतं ते मंगल कार्यालयात जाऊन पाहावं. एक अनोळखी, कडक इस्त्रीतला गृहस्थ पंगतीला बसतो. मुलीकडच्यांना वाटतं, मुलाकडचा असेल. मुलाकडच्यांना वाटतं, मुलीकडचा असेल. आणि वाढपी आग्रह करकरून जिलबी वाढतो. ॲपमध्ये पडद्यावरचा भाग समजतो, की तपासणी मागे सर्व्हरवर होत असेल. सर्व्हर समजतो, इथवर आलाय म्हणजे पुढे कुणीतरी विचारलंच असेल. ‘ग्रंथपालाशिवाय कुणाला नोंद खोडता येऊ नये’ असं सांगितलं, तर आपलं यंत्र कधी कधी ‘खोडा’ हे बटण तेवढं लपवतं. बटणामागची वाट सताड उघडी.

यंत्रालाच कशाला नावं ठेवा! मार्च २०२५मध्ये नेक्स्ट-जेएस या वेब-ॲपच्या लोकप्रिय चौकटीत सापडलेलं भोक माणसांनीच पाडलेलं होतं. आतल्या आत फिरणाऱ्या विनंत्या गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून त्यांच्यावर एक खूण असायची. ती दिसली की मधल्या चौकीवरची तपासणी वगळायची. गंमत अशी, की बाहेरच्या माणसाने तीच खूण आपल्या हाताने लावून आणली तरी चौकी त्याला सोडत होती. धोक्याची तीव्रता दहापैकी ९.१ ठरली. आणि ‘लॉगिन जोड’ म्हटल्यावर आपले सहायक कित्येकदा सगळी तपासणी नेमकी त्याच चौकीवर बसवून मोकळे होतात.

आज्ञाधारकपणाची ही परंपरा पासवर्डाइतकीच जुनी आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या सीटीएसएस या यंत्रणेत पासवर्ड आले. संगणक एक आणि वापरणारे अनेक, तेव्हा ज्याच्या फायली त्यालाच दिसाव्यात एवढाच साधा हेतू. ॲलन शेर नावाच्या संशोधकाच्या वाट्याला आठवड्याला चार तास येत आणि ते त्याला पुरत नसत. १९६२मध्ये त्याने पासवर्डांची अख्खी फाइल छापून मिळावी, अशी विनंती पंचकार्डावर नोंदवली. यंत्राने ती छापून दिली! ना कुलूप तोडलं, ना किल्ली चोरली. मागितलं आणि मिळालं. पुढे १९६६मध्ये तर कमाल झाली. दोन फायलींची अदलाबदल होऊन लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड झळकले.

आजच्या यंत्रांनी शिक्षण घेतलं ते आपण लिहून ठेवलेल्या कोडवर. शिकवणीतल्या उदाहरणात बिचारा वापरकर्ता नेहमी सज्जन असतो. बरोबर पासवर्ड टाकतो आणि ‘सुस्वागतम’ वाचून धडा संपतो. आपल्या जुन्या खोडीही त्यात आल्याच. पासवर्डात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, हा नियम पसरवणारी मार्गदर्शिका २००३च्या सुमाराची. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने असल्या अटी घालू नका, पासवर्ड लांब असू द्या, असं सांगितलं. यंत्र मात्र अजून मोठं अक्षर मागतं. आपण ‘Ganesh@123’ लिहितो, तो विसरू नये म्हणून कालनिर्णयच्या मागच्या पानावर उतरवतो आणि सुरक्षित होतो.

यंत्रांच्या या जुन्या सवयींवर उपाय म्हणून त्यांच्यासाठी वेगळी सूचनापत्रं निघू लागली आहेत. सुपाबेस या सेवेच्या कागदपत्रांत लॉगिनविषयी एक उतारा खास सहायकांना वाचायला घालण्यासाठी लिहिलेला आहे. जुनी पद्धत अजिबात वापरायची नाही, हे त्यात मोठ्या अक्षरांत, धोक्याचे लाल दिवे लावून बजावलं आहे. तो वाचताना मला जिन्याच्या कोपऱ्यातल्या ‘येथे थुंकू नये’ या पाटीची आठवण झाली. अशी पाटी उगाच कुणी लावत नाही.

गूगलच्या बटणाचं प्रकरण मात्र यंत्राला एकट्याने जमत नाही. तिथे ते आपल्याला कामाला लावतं : अमुक पानावर जा, प्रकल्प नोंदवा, परवानगीचा मजकूर भरा, गुप्त किल्ली आणा, ती अमुक फाइलीत ठेवा आणि कुणाला दाखवू नका. परतीचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. शेवटची तिरकी रेघ एकीकडे असली आणि दुसरीकडे नसली, तर गूगल पाठ फिरवतो. भाचीची एक संध्याकाळ त्या रेघेने खाल्ली. ती वैतागली, मला मात्र बरं वाटलं. या सगळ्या प्रकरणात कुणीतरी ठामपणे नाही म्हणणारा भेटला होता.

भाची हुशार आहे. दुसऱ्या दिवशी तिने नवी खिडकी उघडून त्याच यंत्राला सांगितलं, “आता तू चोर हो. या ॲपमध्ये घुसून दाखव.” आणि द्वारपाल म्हणून जो गाफील होता, तो चोर म्हणून एकदम कर्तबगार निघाला. सभासद क्रमांकाचं भोक त्याने लगेच दाखवलं. लपवलेल्या बटणामागची वाट दाखवली. पासवर्ड कितीही वेळा चुकवला तरी कुणी हटकत नाही, हेही सांगितलं. आम्ही एकेक बुजवत गेलो, आणि प्रत्येक वेळी त्याने आमचं अभिनंदन केलं. “अजून काही?” असं भाचीने विचारल्यावर काहीच नाही म्हणणं त्याच्या स्वभावात बसेना. थोडा विचार करून त्याने आणखी एक गंभीर त्रुटी नोंदवली : वाचनालय उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ लॉगिनशिवाय कुणालाही दिसते आहे. हवं असल्यास ती लगेच लपवून देतो.